आयत्या वेळचा विषय

विद्यापीठात नवा अभ्यासक्रम सुरू करायला फारसं काही लागत नाही. एखाद्या मंत्रिमहोदयांनी पदवीप्रदान समारंभात कशाला तरी 'काळाची गरज' म्हटलं, की पुढच्या जूनमध्ये त्या गरजेची पदविका निघते. अभ्यास मंडळ बसतं, विद्या परिषद मान डोलावते, नारळ फुटतो, पाटी लागते. पाटीचा रंग वाळायच्या आत प्रवेश सुरू होतात आणि शिकवणार कोण याचा शोध दिवाळीनंतर घेतला जातो. तासिका तत्त्वावर कोणी ना कोणी मिळतंच. नेट-सेट होऊन घरी बसलेल्यांची या राज्यात टंचाई नाही.

अभ्यासक्रम बंद करण्याचा समारंभ मात्र मी आजवर पाहिलेला नाही. त्यासाठी कोणी फीत कापत नाही, कोणी शाल देत नाही. खरं म्हणजे आमच्याकडे अभ्यासक्रम बंद होतच नाहीत, ते 'स्थगित' होतात. माहितीपुस्तिकेत त्यांचं नाव दरवर्षी छापलं जातं आणि खाली बारीक टाइपात लिहिलेलं असतं, 'पुरेशी विद्यार्थिसंख्या झाल्यास'. या एका ओळीच्या आधाराने कित्येक पदविका वर्षानुवर्षं जिवंत आहेत.

साहजिकच, आपल्याकडे एकूण अभ्यासक्रम किती, असं कोणी विचारलं की तीन उत्तरं येतात. शैक्षणिक विभाग आजवर मंजूर झालेले सगळे मोजतो. परीक्षा विभाग ज्यांच्या प्रश्नपत्रिका निघतात तेवढेच धरतो. वित्त विभागाच्या लेखी ज्यांची फी जमा होते तेच अभ्यासक्रम, बाकीची अफवा. तिन्ही याद्या एकदा शेजारी ठेवल्या गेल्या, कुलगुरूंनी त्या पाहिल्या आणि समिती नेमली. 'अभ्यासक्रम मूल्यमापन व प्राधान्यक्रम निश्चिती समिती.' मी तिचा सदस्य सचिव. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि अर्थशास्त्रवाल्याला हिशेब कळतो, असा विद्यापीठात दृढ समज आहे. माझ्या घरी तो नाही.

पहिल्या बैठकीत अधिष्ठात्यांनी एका पुस्तकाच्या झेरॉक्स वाटल्या. लेखक रॉबर्ट डिकेसन नावाचे अमेरिकी गृहस्थ. कोलोरॅडोतल्या एका विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. १९९९ साली त्यांनी अभ्यासक्रमांचा प्राधान्यक्रम कसा लावावा यावर हे पुस्तक लिहिलं आणि तिकडच्या विद्यापीठांत ते अजून वाचलं जातं. म्हणणं सोपं आहे. सगळ्यांना सारखी कात्री लावली की चांगलं-वाईट दोन्ही सारखंच खुरटतं, म्हणून प्रत्येक अभ्यासक्रम दहा निकषांवर तपासा: इतिहास, बाहेरची मागणी, आतली मागणी, येणाऱ्यांचा दर्जा, जाणाऱ्यांचा दर्जा, आकार, उत्पन्न, खर्च, गरज आणि पुढची संधी. मग क्रम लावा. ही पद्धत स्वीकारणारी विद्यापीठं बहुधा पाच सारखे गठ्ठे करतात. वरच्या गठ्ठ्याला पैसा मिळतो आणि तळच्या गठ्ठ्याला निरोप.

"म्हणजे वीस टक्के अभ्यासक्रम तळाशी जाणारच?" वाणिज्यच्या मॅडमनी विचारलं.

"गणिताने जाणारच," अधिष्ठाते म्हणाले.

यावर बैठकीत जी शांतता पसरली तिच्यात प्रत्येक जण मनातल्या मनात दुसऱ्या कोणाचा तरी विभाग तळाशी ठेवत होता. तेवढ्यात बटाटेवडे आले. बैठकीचं महत्त्व बशीवरून कळतं. बिस्किटं आली तर माहितीसाठी, वडा आला तर चर्चेसाठी, काजू आले तर निर्णय आधीच झालेला आहे. आम्ही चर्चेसाठी होतो.

पद्धत परदेशी असल्यामुळे तिचा परदेशातला निकालही पाहावा, असं मी सुचवलं. कॅनडातल्या सॅस्कॅचवान विद्यापीठाने २०१२-१३ मध्ये हा प्रयोग दणक्यात केला. शिकवण्यापासून कारभारापर्यंत सगळ्यांचे पाच गठ्ठे केले. एका अधिष्ठात्याने, आम्हाला गप्प बसायला सांगितलं जातंय, असं जाहीरपणे लिहिलं. मे २०१४ मध्ये त्याला बडतर्फ करून आवाराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गहजब झाला तेव्हा प्राध्यापकाची खुर्ची त्याला परत देऊ केली, आणि आठवडाभरातच विद्यापीठाच्या अध्यक्षांनाच घरी जावं लागलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये २८ पदवी-विषय आणि प्राध्यापकांची १४३ पदं एका ठरावात उडवली. सगळ्यात मोठा घाव परदेशी भाषांवर बसला. हे सगळं मी वाचून दाखवलं. कॅनडातल्या अध्यक्षांची हकीकत कुलगुरूंच्या कार्यालयाला कळवू नये, असं इतिवृत्तात न लिहिता ठरलं.

मग विभागांकडून माहिती मागवली. पहिला रकाना इतिहासाचा. अमेरिकी माणसाला दोनशे वर्षं म्हणजे इतिहास वाटतो. आपल्याकडे हा रकाना देणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, नागपूरचं १९२३ चं, पुण्याचं १९४९ चं, हे सगळ्यांना पाठ. पण एकाही विभागाने आपला इतिहास तिथून सुरू केला नाही. गणिताने शुल्बसूत्रांपासून सुरुवात केली, रसायनशास्त्राने नागार्जुनापासून आणि पर्यावरणशास्त्राने वृक्षवल्लींपासून. चाणक्य तर तीन विभागांत पूर्णवेळ नेमलेला निघाला: आमच्या अर्थशास्त्रात, राज्यशास्त्रात आणि व्यवस्थापनशास्त्रात. वर्कलोड मोजणाऱ्या कारकुनाने खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तिन्हीकडे सोळा-सोळा तास कसे?'

दुसरा रकाना बाहेरच्या मागणीचा. इथे मात्र आकडे हवेत म्हणून आम्ही प्रवेशाचे कागद काढले आणि चमत्कार दिसला. पाली विभागाची विद्यार्थिसंख्या गेल्या काही वर्षांत वाढली होती. त्यातली काही वाढ समजण्यासारखी होती. १९५६ सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून या राज्यात पालीकडे ओढीने येणारी घरं आहेत, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. पालीच्या सरांनी त्या दिवसाच्या बातमीची कात्रणं लॅमिनेट करून जोडली होती. अभिजातपणाला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. लिपिकाने ती 'उत्तम उपक्रम' या शीर्षकाखाली लावली, वृक्षारोपणाच्या खाली.

उरलेली वाढ कुठून आली ते शोधायला मी विभागाच्या व्हरांड्यात गेलो. खांबाला टेकून एक मुलगा चालू घडामोडींचं मासिक वाचत होता.

"पालीला का आलास?"

"खरं सांगू का, सर?" त्याने मासिक मिटलं. "राज्यशास्त्रात एम.ए. झालंय. दुसऱ्या कशाला प्रवेश घेतला नसता तर हॉस्टेल सोडावं लागलं असतं. अभ्यासिका इथंच, मेस इथंच. गावी जाऊन पीएसआयचा अभ्यास होत नाही. गावी गेलं की लग्नाचं बघतात."

"मग पालीच का?"

"इथं जागा होत्या, सर." थोडं थांबून तो म्हणाला, "पण आता बरं वाटतं. सर रोज येतात. चार जण असलो तरी शिकवतात. धम्मपदातलं थोडं पाठ पण झालंय."

त्याच्या वर्गात खरोखर रोज शिकवलं जात होतं. दोन मजले खाली संगणकशास्त्राच्या वर्गात साठ जागा, साठ प्रवेश आणि दुपारच्या तासाला सात डोकी. बाकीची मुलं घरी यूट्यूबवर तेच शिकत होती आणि अंतर्गत गुणांसाठी रात्री अकराला असाइनमेंट अपलोड करत होती. मागणी म्हणून आम्ही जी मोजत होतो ती एकीकडे खाटेची होती आणि दुसरीकडे पॅकेजची. दोन्हीकडे तिसऱ्या कोणाला तरी विषय आवडत असणार, पण त्याने अर्जात तसं लिहिलेलं नव्हतं आणि अर्जात तसं विचारलेलंही नव्हतं. मी ही माहिती समितीत सांगितली. आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांनी लगेच नोंद केली: 'पाली – स्पर्धा परीक्षांशी समन्वय – पुरावा जोडणे.'

पुरावा या शब्दाविषयी इथे थोडं सांगायला हवं, कारण विद्यापीठ आता त्याच्यावरच चालतं. १९९४ साली बंगळुरूला विद्यापीठांचं मूल्यांकन करणारं नॅक स्थापन झालं आणि हळूहळू आमच्या सगळ्या कामांना सात निकषांत विभागून घेण्याची सवय लागली. विद्यापीठासाठी एकूण गुण असायचे १०००, त्यातले २५० संशोधनाला, २०० अध्यापनाला. २०१७ पासून बहुतेक गुण संगणकावर भरलेल्या आकड्यांना मिळू लागले आणि आकडा आला की पुरावा आला, पुरावा आला की फोटो आला, आणि फोटोही साधा चालत नाही, जिओटॅग केलेला लागतो. खाली अक्षांश-रेखांश हवेत. पूर्वी आमच्याकडे व्याख्यान झालं की श्रोते किती होते ते बघायचे. आता व्याख्यात्याने घसा साफ करायच्या आत एक जण मोबाईल घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, "सर, जरा बॅनर दिसू द्या." गांडूळखताच्या खड्ड्याचेही अक्षांश-रेखांश आमच्या दप्तरी आहेत. उद्या विद्यापीठ हरवलं तर त्या खड्ड्यावरून सापडेल.

एनआयआरएफचं वेगळं. २०१६ पासून निघणाऱ्या त्या राष्ट्रीय क्रमवारीत लोकांचं आपल्याविषयी मत काय, याला १०० पैकी १० गुण आहेत. लोक काय म्हणतील याला मराठी घरात सगळेच्या सगळे गुण असतात, त्या मानाने दिल्लीने फारच संयम दाखवला म्हणायचा.

पण या सगळ्यात मला सर्वांत रमवलं ते 'कोर्स आउटकम'नी. कुठलाही पेपर शिकल्यावर विद्यार्थी नेमकं काय करू शकेल हे आधी लिहायचं, मग पदवीच्या एकूण उद्दिष्टांशी त्याचा संबंध ३, २ किंवा १ अशा आकड्यात दाखवायचा, आणि वर्षाअखेरीस ते किती साधलं हे दशांश चिन्हासह सांगायचं. मूळ कल्पना बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ सालच्या वर्गीकरणाची. तिच्यात वाईट काही नाही. अभियांत्रिकीत ती चपखल बसते: पूल उभा राहील किंवा पडेल. मराठी विभागात मात्र तिची गाठ ज्ञानेश्वरीशी पडली आणि त्या बैठकीला मी साक्षीदार होतो.

मराठीच्या मॅडमनी पहिला आउटकम लिहिला होता, 'विद्यार्थ्याला ज्ञानेश्वरीचा आशय समजेल.'

"'समजेल' चालत नाही, मॅडम," समन्वयक म्हणाले. "मोजता येत नाही."

"मग काय लिहू?"

"कृतिवाचक क्रियापद हवं. यादी करेल, वर्गीकरण करेल, तुलना करेल."

"यादी कशाची?"

समन्वयक वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दृष्टान्तांची करा ना. पुष्कळ असतात ना त्याच्यात?"

त्याप्रमाणे 'विद्यार्थी नवव्या अध्यायातील दृष्टान्तांची यादी करू शकेल' असं ठरलं. मग उद्दिष्टांशी जोडणी सुरू झाली. पर्यावरणाच्या रकान्यात मॅडमनी २ टाकले, कारण दृष्टान्तांत झाडं, पाऊस, समुद्र सगळंच आहे. संघभावनेच्या रकान्यात त्या अडखळल्या तेव्हा समन्वयकांनीच मदत केली. "वारी धरा की. लाखो माणसं परिपत्रकाशिवाय आळंदीहून पंढरपूरला पोचतात. तीन टाका." उद्यमशीलतेच्या रकान्यात मॅडमनी शून्य लिहिलं. समन्वयकांनी ते खोडलं आणि म्हणाले, "शून्य वाईट दिसतं. डॅश द्या." वर्षाअखेरीस त्या पेपरची पूर्तता २.३७ आली. मॅडम पंचवीस वर्षं ज्ञानेश्वरी शिकवत होत्या. आपण किती शिकवतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

समन्वयकांवर राग धरण्यात अर्थ नाही. बिचारे रात्री बारापर्यंत बसून दुसऱ्यांच्या फायली अपलोड करतात, सर्व्हर डाउन असला की पहाटे उठतात, आणि त्यांच्या स्वतःच्या विभागातल्या नेच्यांना पाणी घालायलाही त्यांना वेळ नाही.

त्या आठवड्यात काही कामाने पुण्याला गेलो होतो आणि डेक्कन कॉलेजवरून रिक्षा गेली. मनात आलं, यांचा संस्कृत कोश आपल्या दहा निकषांवर घातला तर? डॉ. कत्रे यांनी १९४८ साली काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या काळात कसा बदलला हे नोंदायचं. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. पहिला खंड डॉ. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. तीसहून अधिक खंड झाले आणि 'अ' अजून पुरता सुटलेला नाही. मी रिक्षातच बसून गुण देऊ लागलो. वार्षिक उद्दिष्टपूर्ती: चिंताजनक. उत्पन्न: विचारू नका. पुढची संधी: 'आ'.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्यापेक्षा भाग्यवान. १९१९ ला हाती घेतली, १२५९ हस्तलिखितं पडताळली, १९६६ ला पुरी झाली. सत्तेचाळीस वर्षं. नॅकची श्रेणी पाच वर्षांनी संपायची. म्हणजे समितीने नऊ वेळा येऊन विचारलं असतं, "युद्ध सुरू झालं का?" आणि १९२५ ला संपादक झालेल्या सुकथनकरांना सांगावं लागलं असतं की अजून आदिपर्वच चाललंय, पण हे बघा जिओटॅग केलेले फोटो.

धर्मानंद कोसंबींचा हिशेब तर मी अर्थशास्त्रज्ञ म्हणून आजही जुळवू शकत नाही. कलकत्त्याच्या विद्यापीठातली चांगल्या पगाराची जागा या माणसाने सोडली, कारण काम महाराष्ट्रात करायचं होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, अट अशी की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहून काम करावं. १९१२ पासून ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्या वेळी पालीला बाहेरची मागणी किती होती? शिकवायला माणूस आल्यावर ती तयार झाली. डिकेसनसाहेबांच्या तक्त्यात मागणीचा रकाना आधी येतो आणि माणूस खर्चाच्या रकान्यात येतो.

खर्च म्हटल्यावर मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचा वार्षिक खर्च म्हणजे खडू आणि एक झाडू. भौतिकशास्त्राला द्रव नायट्रोजन लागतो, संगणकशास्त्राला वातानुकूलन. पण या किरकोळ गोष्टी. खरा खर्च पगाराचा, आणि पगार म्हातारपणी सगळ्यात जास्त. त्यामुळे एक विलक्षण नियम आमच्या तक्त्यातून बाहेर आला: विभागातला अनुभवी प्राध्यापक निवृत्त झाला, की त्या वर्षी विभाग कार्यक्षम होतो. जागा भरायला शासनाची परवानगी लागते, ती येईपर्यंत तासिका तत्त्वावरचा मुलगा तेच तास घेतो आणि त्याचं मानधनही पुढच्या आर्थिक वर्षात ढकलता येतं. दुसराही निवृत्त झाला, की विभाग अतिशय कार्यक्षम होतो. सगळेच गेले तर? हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण एक्सेलला भीड नसते.

निकालाच्या बैठकीला काजू होते. कंत्राटी लिपिकाने शीट पडद्यावर लावली. सगळे निकष, सगळे भार, सगळ्या बेरजा त्याने एकट्याने बसवल्या होत्या. समितीतल्या कोणालाच त्याचं सूत्र नीट कळत नव्हतं आणि हे कोणीच कबूल करत नव्हतं. त्याने क्रम लावायचं बटण दाबलं. विद्यापीठातला पहिल्या क्रमांकाचा अभ्यासक्रम पडद्यावर आला.

रशियन भाषा प्रमाणपत्र.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग अधिष्ठात्यांनी विचारलं, "आपल्याकडे रशियन आहे?"

होतं. सोव्हिएत मैत्रीच्या काळात सुरू झालं होतं. मीर आणि प्रगती प्रकाशनाची ती जाड कागदाची, विलक्षण स्वस्त पुस्तकं ज्यांच्या घरात होती त्या पिढीला हे आठवेल. १९९१ साली देशच विसर्जित झाला, पण अभ्यासक्रम फक्त स्थगित झाला. शिकवणाऱ्या बाई पुढे निवृत्त झाल्या. माहितीपुस्तिकेत नाव राहिलं, तळमजल्यावर एक खोली राहिली आणि खोलीत एक कपाट.

लिपिकाने गुण समजावून सांगितले. खर्च शून्य. विद्यार्थ्यांच्या तक्रारी शून्य. अनुत्तीर्ण शून्य. अर्ध्यावर सोडून जाणारे शून्य. न्यायालयीन प्रकरणं शून्य. परीक्षा वेळेवर, म्हणजे उशिरा झालेली एकही नाही. शिवाय इतिहासाच्या रकान्यात भारत-रशिया मैत्री धरून पूर्ण गुण.

"आणि विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर?"

"तिथे शून्य भागिले शून्य येत होतं, सर. एरर दाखवत होतं. एररला दुसऱ्या कुठल्याही विभागापेक्षा चांगलं म्हणायचं की वाईट, हे परिपत्रकात नव्हतं. म्हणून विद्यार्थ्यांच्या हिताच्या बाजूने धरलं."

तळच्या गठ्ठ्यात संगणकशास्त्र होतं. विद्यार्थी सर्वांत जास्त म्हणून तक्रारी जास्त, नापास जास्त, मोडलेल्या खुर्च्या जास्त. त्याच्या शेजारी पाली, कारण वर्गात चारच जण असले तरी एक पूर्ण पगारी प्राध्यापक रोज येऊन शिकवत होते, आणि ही उधळपट्टी शीटमध्ये लाल रंगात दिसत होती. तिथेच तत्त्वज्ञान होतं. आणि अर्थशास्त्रही होतं. हे कळल्यावर मी पद्धतीच्या शास्त्रीय मर्यादांवर दहा मिनिटं बोललो आणि सगळ्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

तळ असणं हाच अन्याय आहे, यावर एकमत झालं. संगणकशास्त्राची फी थांबली तर विद्यापीठाचे दिवे जातील. पालीला हात लावला तर मोर्चा येईल, आणि तो योग्यच असेल. व्यवस्थापन परिषदेचे एक सदस्य तत्त्वज्ञानाचे जावई होते, म्हणजे विभागप्रमुखांचे. शेवटी पाच गठ्ठे कायम ठेवून फक्त नावं बदलावीत असं ठरलं. पहिला गठ्ठा अग्रक्रम १-अ, दुसरा १-ब, तिसरा १-क, चौथा १-ड, पाचवा १-इ. सगळे पहिले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'सर्व अभ्यासक्रमांना प्रथम प्राधान्य देण्यात यावे.' कोणताही अभ्यासक्रम बंद झाला नाही. उलट व्यवस्थापनशास्त्राने त्याच बैठकीत आपली नवी पदविका पुढे केली, 'वारी व्यवस्थापन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता'. तिला 'काळाची गरज' म्हणून शिफारस मिळाली. मराठीच्या मॅडमनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात काजू त्यांच्याकडे सरकवले गेले.

उठता उठता अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय आले. विद्यापीठाचे खरे निर्णय तिथेच होतात. कारण तोपर्यंत निम्मे सदस्य प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर सही करत असतात. कुलगुरूंच्या कार्यालयातून चिठ्ठी आली होती. प्रथम क्रमांकाच्या अभ्यासक्रमाची प्रवेशक्षमता वीसवरून चाळीस करावी. पूर्णवेळ शिक्षक मिळेपर्यंत अतिरिक्त कार्यभार समितीच्या सदस्य सचिवांनी सांभाळावा. अनुमोदन कोणी दिलं ते मला दिसलं नाही. एकदम तीन आवाज आले.

जाहिरात निघाली आणि चाळीसच्या चाळीस जागांसाठी अर्ज आले. मी हरखलो. मग वसतिगृहाच्या अधीक्षकांचा फोन आला, की प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला खोली मिळत नाही हे मुलांना कळवा. कळवलं. अडतीस जणांनी फी परत मागितली. वित्त विभागाने ती 'पुढील बैठकीत' देण्याचं मान्य केलं.

उरलेले दोघे सोमवारी दहा वाजता तळमजल्यावर हजर होते. मी शिपायाकडून कुलूप काढवलं, बाकावरची धूळ झटकली आणि फळ्यावर पहिला कोर्स आउटकम लिहिला: 'विद्यार्थी रशियन वर्णमालेतील अक्षरांची यादी करू शकेल.'

त्यांतल्या मुलीने तो वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, "सर, तुम्हाला येते?"

"काय?"

"यादी."

"शिक्षकासाठी शीटमध्ये रकाना नाही," मी म्हणालो, आणि कपाटातलं हाताला लागलं ते मीर प्रकाशनाचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. ते त्रिकोणमितीचं निघालं, तेही इंग्रजीत.